व्हय म्हाराजा कोण म्हणणार?

आमच्या ह्यांना रोज सकाळी एक बाई इंग्रजीत शाबासकी देते. चहा झाला की मुलगा टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवतो आणि अंधेरीला ऑफिसात पळतो. पडद्यावर फळं येतात. सफरचंद, केळं, द्राक्षं. मग ती झाकली जातात आणि कुठल्या चौकोनाखाली कुठलं फळ होतं ते बोट लावून सांगायचं. बरोबर आलं की घंटी वाजते, फुगे उडतात आणि ती बाई म्हणते, 'वेल डन!' चुकलं की 'ट्राय अगेन!' तेही तसंच हसत हसत. सत्तरी ओलांडलेला माणूस, गिरणीत उभ्याने पाळ्या केलेला, पोरांना शिकवून मार्गी लावलेला, आणि त्याच्या मांडीवर फुगे! मी स्वयंपाकघरातून ऐकते आणि हातातली कणीक उगाच जास्त मळते.

परवा तर मी त्या बाईला तोंडावर म्हटलं, "मेल्ये, गप्प बस गो." ती कसली गप्प बसते. तिचं 'ट्राय अगेन' चालूच.

हे सगळं कशावरून सुरू झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी उगाच भडकलीय.

आम्ही मूळचे मालवणकडचे. गावचं घर भावकीच्या भांडणात कुलूपबंद झालं तेव्हापासून गणपती इथेच, घाटकोपरला, थोरल्या घरी म्हणजे आमच्याकडे. आधी डोंगरावरच्या चाळीतल्या खोलीत, आता चाळ पाडून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये. दीर, जाऊ, पुतणे, त्यांच्या बायका, सगळी येतात, कोण बोरिवलीहून, कोण मुलुंडहून. पूजा झाली, आरती झाली की घरातला थोरला पुरुष देवापुढे विडा-नारळ ठेवतो, हात जोडून उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी आमच्या मालवणीत सरळ बोलणं. ते पाठ करून म्हणायचं स्तोत्र नव्हे आणि कुठे लिहिलेलंही नसतं. आधी गावच्या देवांना हाक, मग वाडवडलांना. मग चुकलं-माकलं पोटात घाल. मग घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागणं, ह्याला नोकरी लागू दे, तिचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, त्याचा गुडघा बरा कर. आणि प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभ्या असलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

पूर्वी सासरे घालायचे. त्यांचा आवाज असा की खालच्या नळावर पाणी भरणाऱ्या बायका हात जोडायच्या. संपानंतर ह्यांची गिरणी बंद पडली, माझी पोरं लहान, तेव्हा सासऱ्यांचं निम्मं गाऱ्हाणं गिरणीचंच असायचं. गिरणी परत चालू होवंदे म्हाराजा. आणि आम्ही सगळे जीव तोडून म्हणायचो, व्हय म्हाराजा. गिरणी काही उघडली नाही. ह्यांनी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम धरलं आणि त्यावर घर चालवलं. सासरे गेले, गाऱ्हाणं ह्यांच्याकडे आलं, तोवर गिरणीचं वाक्य आपोआप गळून गेलं होतं. मागून काही उपयोग नाही हे सगळ्यांना कळलं होतं.

एरवी आमचे हे फारसे बोलणारे नाहीत. लग्न ठरवायला गेले तिथेही सासरेच बोलले, हे चहा पीत बसले. पण चवथीच्या दिवशी देवापुढे उभे राहिले की माणूस बदलतो. वर्षभरात घरात कुणाला काय झालं, कोणाची परीक्षा, कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मनात काय सलतंय, ते सगळं ह्यांच्या डोक्यात असायचं. कोणी सांगितलेलं नसायचं, तरी असायचं. धाकटी जाऊ एकदा मला म्हणाली, वहिनी, माझ्या माहेरच्यांनाही ठाऊक नाही ते भावजींना कसं ठाऊक? मी म्हटलं, गप्प बसतात ना, म्हणून ऐकू येतं त्यांना.

गेल्या वर्षी गाऱ्हाणं घालताना हे मध्येच थांबले. मी आत वडे तळत होते. आमच्याकडे आरतीनंतर वडे गरमच पानात पडायला हवेत, त्यामुळे गाऱ्हाण्याला मी कायम कढईपाशी. ह्यांचा आवाज येत होता तो बंद झाला. मी झारा तसाच धरून कान दिला, काहीच नाही. मग दिराने काहीतरी पुढे सुचवलं, ह्यांनी दोन वाक्यं कशीबशी जोडली आणि संपवून टाकलं. त्यात धाकट्या जावेच्या तान्ह्या नातवाचं नाव राहिलं. झालं! देवापुढे पोराचं नाव राहिलं, अपशकुन झाला, म्हणून तिने जेवताना पदर डोळ्याला लावला. आमच्या ह्यांच्या पानातला मोदक तसाच राहिला. ते कोणाकडेच बघत नव्हते.

मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही गेले. तिथे त्यांना तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. कागदावर घड्याळ काढायला लावलं. डॉक्टर भला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो म्हणाला, "विसरण्याची सुरुवात आहे. हे मागे फिरवता येत नाही, पण मेंदू कामात ठेवला तर बरंच निभावतं. जे करत आलेत ते काढून घेऊ नका. माणसांत ठेवा, बोलतं ठेवा. कोडी, खेळ, तेही चालेल." मी माझ्या ह्या दोन कानांनी ऐकलं. मुलाने काय ऐकलं? कोडी आणि खेळ. दुसऱ्या दिवशी टॅबलेट हजर!

आणि जे काढून घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच सगळं काढून घेतलं. आधी बाजार गेला. हे रोज सकाळी पिशवी घेऊन खाली उतरायचे, भाजीवाल्याशी हुज्जत घालायचे, मच्छीवालीची खबरबात घ्यायचे, पिशवी हलवत परत यायचे आणि काय विसरलं ते आठवून पुन्हा जायचे. ते पूर्वीपासूनचंच, तरुणपणीही कोथिंबीर विसरायचे! पण आता विसरले की घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता, मी मागवतो ना." दहा मिनिटांत एक जण दारात पिशवी देऊन जातो, त्याच्याशी बोलायचं काही नसतं. मग हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. माझी विळी, माझ्या सुऱ्या, शेजारणींच्यासुद्धा, हे कानस लावून अशी धार काढायचे की कांदा चिरताना कळायचं नाही. "हात कापून घेतील." मग एकट्याने मेट्रोने जाणं बंद. मग गॅसला हात लावायचा नाही, स्वतःपुरता चहासुद्धा नाही. आणि प्रत्येक वेळी तोंडात साखर. बाबा, आता आराम करा. खूप केलंत आयुष्यभर. आता तुमचे दिवस आरामाचे.

ह्या आरामाचा मला इतका राग आहे की काय सांगू! आमच्यात असं मायेनेच करतात हो, तीच तर पंचाईत आहे. सासू-सासऱ्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही, हे सुनेचं कौतुक म्हणून चारचौघांत सांगतात. आणि मग त्याच माणसाला सोफ्यावर बसवून सांगायचं, डोकं चालवा, फळं ओळखा. खरी फळं आणायला खाली जायचं नाही, खोटी फळं काचेवर ओळखायची. अरे, हा कुठला शहाणपणा?

सुनेने तर आम्हा दोघांची नावं मुलुंडच्या एका हॉलमधल्या वर्गात घातली. ज्येष्ठांसाठी स्मरणशक्ती वर्ग. सून मनाने चांगली आहे, रिक्षाने स्वतः सोडायला आली. आत गेलो तर आमच्यासारखेच पंधरा-वीस जण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आणि समोर टी-शर्टातली एक मुलगी. "गुड मॉर्निंग आजी-आजोबा! आज आपण मेंदूची पीटी करणार!" डावा हात नाकाला, उजवा कानाला, मग उलट. टाळ्या. मग ती ह्यांच्यापुढे येऊन वाकली आणि मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "आजोबा, मला पाच भाज्यांची नावं सांगा बरं!"

मी मनात म्हटलं, सांगा हो, सांगून टाका.

ह्यांनी विचारलं, "कुठल्या दिवसांतल्या?"

म्हणजे पावसाळ्यातल्या की हिवाळ्यातल्या. साधा प्रश्न होता. ती मुलगी हसली, सगळ्यांकडे वळून म्हणाली, "सो क्यूट! आजोबांसाठी टाळ्या!" आणि सगळ्यांनी वाजवल्या. पोरगी वाईट नव्हती, तिला बिचारीला कोणी असंच शिकवलं असेल. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ह्यांचा हात धरला आणि उठले. बाहेर आल्यावर ह्यांनी मला विचारलं, "अगे, माझा काय चुकला?" मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही, चला." मग आम्ही कोपऱ्यावर वडापाव खाल्ला, उभ्याउभ्याच.

इथवर मी सगळं गिळलं. पण यंदा गणपतीच्या तयारीसाठी घरचे सगळे व्हिडिओ कॉलवर जमले, मखर कसलं, भटजी किती वाजता, वगैरे. त्यात दिराचा मोठा मुलगा म्हणाला, "काकी, गाऱ्हाण्याचं टेन्शन घेऊ नका. काकांना उगाच त्रास नको. नेटवर रेकॉर्डिंग मिळतं, मी डाऊनलोड केलंय. एकदम झकास आवाज आहे, मागे कोरसपण आहे. स्पीकरवर लावू."

"कोरस म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे व्हय म्हाराजापण त्यातच आहे ना."

"मग आपण काय करायचं?"

"हात जोडायचे!"

धाकटी जाऊ लगेच म्हणाली, "बरं होईल वहिनी. काही राहायला नको." मुलगा माझ्या शेजारी बसून मान डोलवत होता, म्हणजे आधीच ठरलेलं होतं. आणि हे खिडकीपाशी बसले होते, टॅबलेट मांडीवर घेऊन. त्यांना ऐकू आलं. मला वाटलं आता तरी बोलतील. तर म्हणाले, "बरा झाला. माका आता आठवना नाय." आणि फळं ओळखायला लागले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, गिरणी गेली तेव्हा हा माणूस असा बोलला नव्हता. तेव्हा रागावला होता, ताट भिरकावलं होतं एकदा. आता रागही नाही. मला त्या दिवशी कळलं की हे गाऱ्हाणं गेलं तर नुसतं गाऱ्हाणं जाणार नाही, मागोमाग हा माणूसही आत जाऊन बसेल आणि दार लावून घेईल.

मी ठरवलं. बोलले कोणाशी नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला, सून गेली, मी टॅबलेट सोफ्याच्या उशीखाली कोंबला. कोळंबी सोलायला घेतली आणि ह्यांना समोर बसवलं.

"अहो, गाऱ्हाणं घाला."

"आज चवथ हा?"

"नाही. तरी घाला."

"देवाक काय सांगू?"

"सांगा सहज आठवण झाली."

ह्यांना हसू आलं. हात जोडले, डोळे मिटले. "बा देवा गणपती म्हाराजा!" मी कोळंबीचं डोकं मोडत म्हटलं, "व्हय म्हाराजा." "ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "गावच्या घराक कुलूप असला तरी गावच्या देवान आमका इसरूक नाय, आणि आमीय तेका इसरूक नाय म्हाराजा." मी चमकून वर बघितलं. हे वाक्य नवीन होतं. मी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि ते पुढे निघाले, आवाज हळूहळू चढत गेला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सिलिंडरवाला, खाली आलोय म्हणून. मी बोलत राहिले, आणि बघते तर हे थांबलेले. हात जोडलेले, ओठ हलतायत, कपाळावर घाम. फोन ठेवून मी घाईने म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि जिथे थांबले होते तिथूनच ते सुरू झाले. शब्द न शब्द!

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम केलं. एकदा म्हटलं, एकदा नाही. नाही म्हटलं की अडकले, म्हटलं की निघाले. आम्ही लहानपणी गावी उखळावर दोघी-दोघी कांडायचो, एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. एकीने हात थांबवला की दुसरीचाही ताल जायचा. तसंच हे. ते 'व्हय म्हाराजा' नुसतं देवाला हो म्हणणं नव्हतं. तेवढ्या वेळात पुढचं नाव, पुढचं मागणं त्यांच्या जिभेवर यायचं. तेवढा श्वास त्यांना आम्ही द्यायचो, आणि आम्हालाच ते ठाऊक नव्हतं.

आणि मग मला गेल्या वर्षीची ती कढई आठवली. ह्यांचा आवाज थांबला तेव्हा मी कान दिला होता आणि काहीच ऐकू आलं नव्हतं. काहीच म्हणजे काहीच. त्याच्या आधीही नाही. गाऱ्हाणं चालू होतं आणि मला आतपर्यंत एकही 'व्हय म्हाराजा' आलं नव्हतं! इतकी माणसं घरात, आणि एकाचाही आवाज नाही?

रविवारी मुलगा घरी होता. म्हटलं, "गेल्या वर्षीचा गाऱ्हाण्याचा व्हिडिओ लाव."

"कशाला आई? उगाच..."

"लाव म्हणते ना!"

त्याने लावला. मागून काढलेला होता, त्यामुळे सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि पाठींच्या वर हात. प्रत्येक हातात फोन. दीर, पुतणे, सुना, धाकटी जाऊ, सगळे ह्यांचा व्हिडिओ काढत होते. ह्यांनी म्हटलं, बा देवा म्हाराजा, आणि थांबले. कोणी काही नाही. आवाज आला तर आपल्या व्हिडिओत येईल ना! दुसरं वाक्य, पुन्हा तेच. तिसऱ्याला ह्यांनी जरा मागे मान वळवून बघितलं. तो त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सगळ्या घरात एकही तोंड उघडं नव्हतं, नुसते फोन.

"बघ," मी म्हटलं, "नीट बघ. तोंडं तुमची शिवलेली, आणि विसराळू कोण, तर तो! वाक्य त्यांचं होतं, ते त्यांनी म्हटलं. तुमचे दोन शब्द होते, व्हय आणि म्हाराजा. ते तुम्ही सगळे मिळून विसरलात. मग तुम्हाला नको का फळं ओळखायला बसवायला? आणू टॅबलेट?"

सून हळूच म्हणाली, "आई, तो डावीकडचा फोन माझा आहे." तिला कळलं होतं. मुलगा मात्र फोन बंद करून बसला.

"आई, तू म्हणतेस ते पटतंय मला," तो म्हणाला. "पण ते खरंच विसरतात गं. परवा त्यांनी मला मधल्या काकांच्या नावाने हाक मारली. काका जाऊन किती वर्षं झाली? परत देवापुढे तसंच काही झालं तर? सगळ्यांसमोर? माझ्याने नाही बघवत."

"तुझ्याने बघवत नाही म्हणून त्यांनी बोलायचं नाही?"

तो उठून गॅलरीत गेला. मला त्याची दया आली, नाही असं नाही. पण राग जास्त होता, तो मी तसाच राहू दिला.

चवथ आली. घर भरलं. आरती झाली. मी आत कढईपाशी, आणि बाहेरून एक भसाडा आवाज सुरू झाला. स्पीकर! मी इतकं ओरडूनही लावलाच होता, पुतण्याला म्हणे कोणी नको म्हणून सांगितलं नव्हतं. दारातून बघितलं तर कोणातरी परक्या वाडीचे देव, परक्या माणसाची भावकी, त्याच्याच घरच्या म्हशींचं सुखदुःख आमच्या गणपतीपुढे चाललेलं. मागून रेकॉर्डिंगमधली माणसं ओरडतायत व्हय म्हाराजा, आणि आमची माणसं हात जोडून मुकी. आणि हे सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, पाहुण्यासारखे.

मी गॅस बंद केला आणि तेलकट हातांनी तशीच बाहेर आले. स्पीकरचं बटण मला मेलं सापडेना. मग उचलला तो, आत नेला आणि तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावलं. आतून बारीक आवाजात व्हय म्हाराजा येतच राहिलं. पुतण्याने घाईघाईने फोनवरून ते थांबवलं.

"काकी, अहो काय करता!"

"फोन खाली ठेवा," मी म्हटलं. "सगळ्यांनी. तू पण. जाऊबाई, तू पण गो. ज्याला फोन धरायचाय त्याने लिफ्टपाशी जाऊन उभं राहायचं. आणि अहो, तुम्ही पुढे या."

हे आले. मुलाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. हात जोडले. "बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी एवढ्याने ओरडले की धाकटी जाऊ दचकली. दुसऱ्या वाक्याला सून माझ्याबरोबर म्हणाली. तिसऱ्याला दीर. मग पुतणे, आधी लाजत, मग घसा मोकळा करून. हे चालू झाले ते झाले. गावचे देव आले, वाडवडील आले. चुकला-माकला पोटात घाल म्हाराजा. एकेकाचं नाव येऊ लागलं. सुनेची बढती आली, दिराचा मोतीबिंदू आला. धाकट्या जावेच्या नातवाचं नाव आलं, आणि त्याच्यासाठी मागणं, "तेका दात येतत, ते सुखान येवंदेत म्हाराजा." जाऊ म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि रडायलाच लागली. मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं आता घे अपशकुन.

मी जिंकले होते. खरंच सांगते, मला तसंच वाटत होतं.

मग ह्यांचा आवाज जरा खाली आला. डोळे मिटलेलेच. "आणि म्हाराजा, गिरणी बंद पडली हा. माझी पोरां अजून ल्हान हत. चुली थंड पडल्यो हत म्हाराजा. गिरणी परत चालू होवंदे म्हाराजा."

सगळं घर गप्प झालं. पुतण्याने मान खाली घातली. सुनेने माझा दंड धरला. जिथे ती गिरणी होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आमच्यातल्या कुणाला तिथे आत पाऊल टाकू देणार नाहीत. माझी 'ल्हान पोरां' केस पिकायला लागलेली, त्यातला एक माझ्या मागेच उभा. आणि हे थांबून राहिले होते. हात जोडलेले, ओठ किंचित हलत होते, कपाळावर घाम. पुढचं वाक्य आमच्या दोन शब्दांवाचून अडलेलं.

म्हणायला हवं होतं, मला माहीत होतं. दुसऱ्यांना तेच तर शिकवत होते इतके दिवस. पण घरभर ओरडणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना. कोणावर रागवू? टॅबलेटवर? फोनवर? पोरांवर? इथे रागवायला कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणाला होता, मागे फिरवता येत नाही. ते मी ऐकलं होतं, माझ्या ह्या दोन कानांनी, आणि बाकीच्यांसारखंच मीही फक्त मला हवं तेवढं ऐकलं होतं.

माझ्या मागून आवाज आला. घोगरा, अर्धा गळ्यातच राहिलेला, पण मोठा.

"व्हय म्हाराजा," माझा मुलगा म्हणाला.

मग सगळे म्हणाले. ह्यांच्या खांद्यांवरचा ताण सुटला, त्यांनी श्वास घेतला आणि ते पुढच्या वाक्याला लागले.